सोडा आणि लिंबू एकत्र केल्याने शेगडीचे किटण निघत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली की जवळजवळ सगळ्याच वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत एक कृती हमखास छापून येते. शेगडीवर खायचा सोडा भुरभुरवा, वरून लिंबू पिळा किंवा व्हिनेगर ओता, फेस आला की पुसून घ्या, शेगडी नव्यासारखी. हीच कृती मोबाइलवर वर्षभर फिरत असते; कधी लिंबाच्या जागी ईनोची पुडी असते, कधी चिंचेचा कोळ. आम्ही काही जण गॅस शेगड्यांच्या दुरुस्तीत आणि काही जण गृहविज्ञान शिकवण्यात आहोत. ही कृती कुठे फसते आणि तिच्या जागी काय करावे, हे सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल क्षमस्व.

सोडा अल्कली, लिंबू आम्ल. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना मारतात. जो फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि खाली उरते ते थोडे क्षार मिसळलेले पाणी. तेलाचा थर सोडवायला जी अल्कली हवी होती ती फेसातच संपली. फेसाने वरची सुटी धूळ हलते, फडक्याच्या जोराने थोडा ओशटपणा जातो आणि पितळी बर्नर आम्लामुळे चकाकतो. त्या चकाकीनेच लोक फसतात. पितळेवरचा काळपट थर आम्लाने विरघळतो हे खरे, पण बर्नरच्या भोकांत बसलेले तेल जागचे हलत नाही.

मुळात हे किटण म्हणजे काय? फोडणीचे आणि तळणीचे तेल बारीक थेंबांनी शेगडीवर बसते. ताजे असते तेव्हा ते तेलच असते, भांडी घासायच्या साबणाने निघते. तसेच राहिले आणि रोज तापत गेले की हवेतला प्राणवायू घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. आधी मधासारखा पिवळा चिकटा होतो. बोट लावले तर बोटाला ओढ लागते, पण बोट ओशट होत नाही. पुढे तो चहासारखा तांबूस आणि टणक होतो, नख रुतत नाही. बर्नरच्या अगदी जवळचा थर जळून काळा कोळसा होतो. बिडाचा तवा तेल लावून तापवून तयार करतात, तेव्हा हेच घडवून आणलेले असते; शेगडीवर ते नको असताना घडते. करडई, सूर्यफूल, सोयाबीन ही तेले लवकर घट्ट होतात, शेंगदाणा मधला. खोबरेल तेल फार कमी घट्ट होते. म्हणून कोकण-गोव्यात जिथे खोबरेल तेलावर स्वयंपाक होतो, तिथे शेगडी ओशट राहते पण तिच्यावर लाखेसारखा कडक थर सहसा चढत नाही.

या गुंफलेल्या तेलाला साबण पुरत नाही. त्याला गरम अल्कली आणि वेळ लागतो. अल्कली त्या थराचे बंध हळूहळू तोडून त्याचा साबण करते. चुलीच्या राखेने आणि काथ्याने भांडी निघायची ती याचमुळे, लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. आज त्याच्या जागी घ्यायचा तो धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. खायच्या सोड्याच्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे अल्कली किती तीव्र ते सांगणारे माप) साधारण ८.३ असतो, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या वर जातो, आणि या मापात एक अंक म्हणजे दहापट. दोन्ही पांढऱ्या भुकट्या दिसायला सारख्या, कामाला नाहीत. किराणा दुकानात नुसता ‘सोडा’ मागितला तर खायचाच हातात पडतो, तेव्हा ‘कपडे धुण्याचा’ असे स्पष्ट सांगावे. तो स्वयंपाकाच्या डब्यांशेजारी ठेवू नये, नाव लिहून मोरीतल्या फळीवर ठेवावा.

प्रमाण असे: १ लिटर गरम पाण्याला २ मोठे सपाट चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम कोरडी भुकटी आणि वर भांडी घासायच्या द्रावणाचा १ चमचा. खडे मिळाले तर अडीच पट घ्यावेत, कारण खड्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असते. दोन्ही नसेल तर कपड्यांची साधी पावडर चालते. तिच्यात हाच सोडा बऱ्यापैकी असतो. आणखी एक सोय आहे. खायचा सोडा लोखंडी किंवा स्टीलच्या कढईत मंद आचेवर हलवत भाजला की त्याचा धुण्याचा सोडा होतो. भाजताना भुकटी उकळल्यासारखी बुडबुडते, ते थांबले की झाला. १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅम उरतात. ही भुकटी नाकाला झोंबते, खिडकी उघडी ठेवून करावे. परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींना जवळच्या दुकानात धुण्याचा सोडा मिळाला नाही, तर याचा विशेष उपयोग.

कामाला लागण्याआधी रेग्युलेटर बंद करावा, पाइप गॅस असेल तर भिंतीवरची चावी. शेगडी पूर्ण गार होऊ द्यावी. हातात रबरी मोजे घालावेत, कारण धुण्याचा सोडा कातडीतलेही तेल ओढतो आणि तासाभरात बोटे सुरकुततात.

सर्वांत सोपे काम भांडे ठेवायच्या जाळ्यांचे. काळ्या इनॅमलच्या किंवा लोखंडी जाळ्या प्लास्टिकच्या टबात किंवा स्टीलच्या पातेल्यात, वर सांगितलेल्या सोड्याच्या पाण्यात बुडवून दोन तास ठेवाव्यात. अल्युमिनियमचे पातेले चालणार नाही, का ते पुढे येते. थर जाड असेल तर रिकाम्या १५ किलोच्या तेलाच्या डब्यात ८-१० लिटर पाणी, त्याच प्रमाणात सोडा आणि वीस मिनिटे मंद उकळी. पाणी चहाच्या रंगाचे होऊ लागले की काम चालू आहे असे समजावे. बाहेर काढून लगेच, गरम आहेत तोवर, नायलॉनच्या घासणीने घासाव्यात. गार झाल्या की सुटलेला थर पुन्हा धरतो. लोक इथेच घाई करतात, दहा मिनिटांत काढतात आणि मग तारेच्या घासणीने जोर लावतात. त्याने इनॅमलचा टवका उडतो, खालचे लोखंड गंजते आणि पुढच्या वेळी तेल त्या खडबडीत जागीच आधी बसते.

शेगडीचा स्टीलचा वरचा पत्रा बुडवता येत नाही. त्यावर पाणी ओतू नये, ते बर्नरच्या भोकातून खाली कॉकवर (नॉबमागच्या गॅसच्या चावीवर) आणि ऑटो शेगडी असेल तर ठिणगीच्या वायरवर जाते. जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे तुकडे गरम सोड्याच्या पाण्यात बुडवून, पिळून, किटणावर सपाट पसरावेत आणि वर प्लास्टिकची पिशवी झाकावी. पाणी उडून फडके वाळले की काम थांबते, म्हणून ही पिशवी. अर्ध्या-पाऊण तासाने थर जेलीसारखा फुगलेला दिसतो. तो जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने किंवा लाकडी उलथन्याने ढकलून काढावा, मग पत्र्यावर ज्या दिशेने बारीक रेघा आहेत त्याच दिशेने घासणी फिरवावी. एका खेपेत पूर्ण निघेल असे नाही. दोन वर्षांचे किटण असेल तर हेच दोनदा-तीनदा करावे लागते. जोर वाढवण्यापेक्षा खेपा वाढवाव्यात. बर्नरभोवती निळसर-सोनेरी झाक उरली तर ती किटण नाही. तापून स्टीलचाच वरचा थर बदललेला असतो, तिथे कितीही सोडा लावला तरी फरक पडणार नाही.

स्टीलवर तारेची घासणी का नको? लोखंडी तारेचे कण पत्र्यात रुततात आणि चार दिवसांनी तांबूस ठिपके उमटतात. मग ग्राहक म्हणतो, स्टील खोटे निघाले. उतू गेलेले खारट पाणी तसेच वाळू दिल्यानेही स्टीलला बारीक खड्डे पडतात, वरण-आमटीच्या बाबतीत हे रोज घडते.

काचेच्या शेगडीचे वेगळे. कडक काच उष्णता सोसते, पण गरम काचेवर गार ओले फडके सोसतेच असे नाही, आणि ओरखडे पडत गेलेली काच एखाद्या दिवशी साध्या धक्क्याने कणाकणांत फुटते. गार झाल्यावर वरचीच ओल्या फडक्याची कृती करावी. उरलेल्या डागावर पाणी लावून दाढीचे नवे पाते जवळजवळ आडवे धरून सरकवावे. कोरड्या काचेवर पाते चालवू नये. काच आणि खालची चौकट यांच्या सांध्यात सोड्याचे पाणी झिरपू देऊ नये. साखरेचा पाक सांडला असेल तर तो काच कोमट असतानाच खरवडावा. उतू गेलेले दूध साध्या साबणाच्या पाण्यात भिजवले तरी निघते, त्याला एवढा खटाटोप लागत नाही.

आता धातूंबद्दल, कारण छापील कृतींत नेमके हेच गाळलेले असते. धुण्याचा सोडा लोखंडाला, स्टीलला, इनॅमलला आणि पितळेला चालतो, अल्युमिनियमला नाही. अल्युमिनियम त्यात काळे पडते, झिजते, आणि पाण्यात बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे. स्वस्त शेगड्यांत बर्नरची वरची टोपी पितळी आणि तिच्या खालचा भाग अल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. टोपी सोड्यात, खालचा भाग फक्त भांड्यांच्या साबणात आणि गरम पाण्यात. ओळखायला सोपे आहे: हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलके आणि खरवडल्यावर पांढरट दिसते ते अल्युमिनियम. मोरीची तुंबलेली नळी मोकळी करायचे कॉस्टिक शेगडीवर वापरणारेही आहेत. ते किटण झरझर काढते, पण अल्युमिनियमही खाते, आणि डोळ्यात थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते. संडास साफ करायच्या ॲसिडने स्टीलला खड्डे पडतात, पितळेतले जस्त निघून जाऊन ते ठिसूळ आणि तांबूस होते. हे ॲसिड आणि कपड्यांचे ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि तोही बंद स्वयंपाकघरात.

परदेशी व्हिडिओंतून अलीकडे अमोनियाची कृती आली आहे. बर्नर पिशवीत घालून आत अमोनिया शिंपडायचा आणि रात्रभर बांधून ठेवायचे. तिकडच्या लोखंडी जाळ्यांना ती ठीक असेल, आपल्या पितळी बर्नरला नाही. ब्रिटिश लष्कराच्या हिंदुस्थानातल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जात. त्यामागे तबेल्यातल्या घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आहे, हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. ताण असलेले पितळ आणि ओलसर अमोनिया यांचे जमत नाही.

बर्नरकडे थोडे सावकाश पाहू, कारण पत्र्यावरचे किटण फार तर वाईट दिसते, बर्नरमधले गॅस वाया घालवते. घरगुती एलपीजी शेगडीची औष्मिक कार्यक्षमता, म्हणजे गॅसच्या उष्णतेपैकी भांड्याला मिळणारा वाटा, किमान ६८ टक्के असावी, असे भारतीय मानक आयएस ४२४६ सांगते. तुंबलेल्या बर्नरवर ती टिकत नाही. टोपी काढून उजेडाकडे धरावी. प्रत्येक भोकातून उजेडाचा गोल ठिपका दिसला पाहिजे. काही ठिकाणी चंद्रकोर दिसेल, काही ठिकाणी काहीच नाही. टोपी गरम सोड्याच्या पाण्यात तासभर ठेवावी, दात घासायच्या जुन्या ब्रशने आतून-बाहेरून घासावी, मग भोकात सैल जाईल अशी टाचणी घालून आतला बोळा आतल्याच बाजूला ढकलावा आणि टोपी उलटी आपटून झटकावी. खिळा, दाभण किंवा सायकलची तार घालून भोके कोरू नयेत. भोक मोठे झाले की गॅस मंद वेगाने बाहेर येतो आणि ज्योत त्याच भोकातून आत शिरते. आच कमी केली की फट् आवाज होऊन बर्नरच्या पोटात सूंऽऽ असे जळू लागते, ते याचमुळे. असे झाले तर लगेच बंद करून गार होऊ द्यावे. भोके सैल झालेली टोपी बदलण्याला पर्याय नाही.

टोपी स्वच्छ करूनही ज्योत पिवळी राहिली तर दोष खालच्या नळीत शोधावा. जेटसमोर, म्हणजे गॅस जिथून सुटतो त्या पितळी बोंडासमोर, नळीचे तोंड उघडे असते, तिथून हवा आत ओढली जाते. तेलाने चिकटलेली धूळ, झुरळाची विष्ठा, कोळ्याचे जाळे यांनी तेच तोंड अर्धे बुजलेले असते. बाटली धुवायच्या लांब ब्रशने नळी आतून साफ करावी, पाण्याने धुतली तर पूर्ण वाळवावी. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो, भांड्याच्या बुडाला काजळी येते, आणि त्यासोबत कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो, ज्याला वास नसतो.

जेटला मात्र घरी हातही लावू नये. पितळेच्या त्या बोंडाचे भोक मिलिमीटरपेक्षाही बारीक असते आणि ठरावीक मापाने पाडलेले असते. सुईने त्याचा व्यास एक दशांशाने वाढला तरी क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते आणि जवळपास तेवढाच गॅस जादा येतो. हवा मात्र त्या प्रमाणात येत नाही. ज्योत मोठी दिसते म्हणून लोक खूश होतात, भांडी काळी पडू लागतात ते नंतर लक्षात येते. मुंबई-पुण्यात पाइप गॅस आल्यापासून आणखी एक गोंधळ दिसतो. नैसर्गिक वायूच्या तितक्याच आयतनापेक्षा एलपीजीत अडीच पटीहून जास्त उष्णता असते, म्हणून पाइप गॅसचे जेट मोठ्या भोकाचे असतात. ती शेगडी गावी नेऊन सिलिंडरला जोडली की भडका होतो. जेट बदलल्याशिवाय जोडू नये.

नॉब सरळ बाहेर ओढले की निघतात. ते कोमट साबणाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवले तरी पुरे. जोरात घासले तर खुणा पुसल्या जातात. नॉब फिरवायला जड जातो तेव्हा आतल्या कॉकमधले ग्रीस वाळलेले असते. तिथे खोबरेल तेल, शिवणयंत्राचे तेल किंवा रॉकेल सोडणे हा घरोघरी चालणारा उपाय धोकादायक आहे. उरलेसुरले ग्रीस धुऊन जाते आणि कॉकमधून गॅस झिरपू लागतो. ते काम कारागिराकडून, उष्णता सोसणाऱ्या ग्रीसनेच करून घ्यावे. रबरी नळी फक्त साबणाच्या फडक्याने पुसावी, आणि सुरक्षा नळीही पाच वर्षांनी बदलावी.

सोड्याचे काम संपले की सगळे सुटे भाग दोनदा साध्या पाण्याने धुवावेत, पत्रा दोनदा ओल्या फडक्याने पुसावा. बोअरच्या जड पाण्याने पांढुरके डाग उरतात, आणि लिंबू किंवा व्हिनेगर वापरायची खरी जागा ही. निम्मे व्हिनेगर, निम्मे पाणी, फडक्यावर घेऊन पुसायचे आणि पुन्हा साध्या पाण्याने. पितळी टोपीला चकाकी हवी असेल तर चिंच या टप्प्यावर लावावी, आधी नाही.

बर्नर उन्हात उलटा ठेवून पूर्ण वाळवल्याशिवाय बसवू नये. आत थेंब राहिला तर ज्योत थरथरते किंवा पेटतच नाही, आणि शेगडी बिघडली म्हणून फोन येतो. लहान-मोठ्या टोप्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. टोपी खाचेत सपाट बसली का ते बोटाने हलवून पाहावे, तिरकी बसली तर एकाच बाजूला लांब पिवळी ज्योत निघते. मग रेग्युलेटर उघडून, नॉब बंद ठेवून, नळीच्या दोन्ही टोकांना आणि कॉकच्या सांध्यांना साबणाचा फेस लावावा. बुडबुडा फुगत राहिला तर गॅस बंद करून खिडक्या उघडाव्यात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून दारही उघडावे आणि दिव्याचे बटण दाबू नये. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा आपत्कालीन क्रमांक आहे. फोन घराबाहेर जाऊन करावा.

एवढे सगळे वर्षातून एकदा करण्यापेक्षा तळण झाल्यावर शेगडी कोमट असतानाच साबणाचे फडके फिरवले तर किटण धरत नाही. चकल्या-शंकरपाळ्यांचे घाणे संपेपर्यंत हात भरलेले असतात हे मान्य, पण त्याच रात्री पुसले तर साबण पुरतो, आठवड्याने पुसले तर सोडा लागतो.

आपल्याला विनंती अशी की घरगुती स्वच्छतेच्या कृती छापताना वस्तू कोणत्या धातूची, सोडा कोणता, आणि सोडा आधी की आम्ल आधी, एवढे तरी प्रत्येक कृतीत असावे. जागा कमी असेल तर फेसाचे वर्णन गाळावे.

आपले,
शेगडी दुरुस्ती आणि गृहविज्ञान या क्षेत्रांतले काही वाचक

ता. क. चिमणीच्या जाळीबद्दल लिहायचे राहिले. चिमणीचे स्टीलचे पन्हळीदार फिल्टर वरच्याच सोड्याच्या पाण्यात अर्धा तास ठेवता येतात. पातळ तारांची पदरी जाळी बहुधा अल्युमिनियमची असते. ती सोड्यात टाकली तर काळी पडून चुरू लागते, तिला फक्त भांड्यांचा साबण आणि कढत पाणी.